भीतीचा एक, हसण्याचा एक

ठाण्यात नौपाड्याला माझी एक मैत्रीण राहते. तिच्याकडे व्हीसीआर आहे, आणि रविवारी दुपारी आमची कॉलेजातली जुनी टोळी तिथे जमते. लायब्ररीतून कॅसेट आणतात. आमच्या शाळकरी वयात आलेले, कमी खर्चात उरकलेले हिंदी भयपट. घाबरायला नाही, हसायला. पडकी हवेली, पायाशी धूर, कुणाच्या तरी हातात त्रिशूळ आणि तोंडावर कणकेचा गोळा थापल्यासारखं भूत. भूत आलं की सगळे एकमेकांना टाळ्या देतात. "अरे, काय भिकार मेकअप आहे!" आता या सिनेमांना म्हणे मान मिळू लागला आहे. 'कल्ट' झालेत ते. विठ्ठलवाडीच्या पत्र्याच्या थेटरात जे सिनेमे दिवसभर राबलेली माणसं बघायची, ते आता शिकलेली मुलं गादीवर लोळत, चिवडा खात बघतात.

गेल्या महिन्यात मी मध्येच उठले. भाजलेल्या चेहऱ्याचं भूत खिडकीत आलं होतं आणि खोली हसून लोळत होती.

"बस गं, सिनेमा आहे तो," मैत्रीण म्हणाली.

"जाऊ दे तिला," दुसरा एक म्हणाला. "घरी जाऊन याचंही पत्रक काढेल ती."

काढते. हे घ्या.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या डोंबिवलीच्या खोलीत माझ्या पुस्तकांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची असायची आणि गणितं मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर सोडवायचे. मला धड वाचता आलेलं पहिलं वाक्य 'कामगार बंधू-भगिनींनो' हे होतं. बाबा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते आणि कारखाना सुटला की संघटनेत. संध्याकाळी त्यांचे चार सोबती यायचे, जमिनीवर मांडी घालून पत्रकांच्या घड्या घालायचे. आई मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवायची. त्यात मोरचूद घालावं लागे. नाहीतर भिंतीवर लावलेलं पोस्टर गाई मैद्यासाठी ओरबाडून खात. क्रांतीची बरीच पोस्टरं आमच्याकडे गाईंच्या पोटात गेली आहेत, असं मामा म्हणायचा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. गावाहून नोकरीसाठी आला तो आमच्याकडेच राहिला, झोपायला बाहेर गॅलरीत. रंगांच्या एका कारखान्यात त्याला फिटरचं काम लागलं. संध्याकाळी त्याचे हात निळे किंवा पिवळे असत, आणि हात बघून आज कारखान्यात कुठला माल चाललाय ते मी ओळखायचे. बाबांच्या संघटनेत तोही होता, पण त्याचा खरा जीव सिनेमात. बाबा सिनेमा बघत नसत. सिनेमा ही माणसाला झोपवायची गोळी आहे, असं त्यांचं मत होतं, आणि बाबांचं मत झालं की ते पाळलं जायचं. त्यांचे चारही सोबती तसेच. कल्याणला पायपुसणं आणायला जातो म्हणून मामा मला सिनेमाला न्यायचा आणि येताना खरंच पायपुसणं आणायचा. आमच्या एका खोलीत पायपुसणी फार झाली होती. बाबांना काय ते कळलं असणार.

गणपतीत मात्र बाबांचाही इलाज चालत नसे. आमच्या चाळीच्या आणि मागच्या चाळीच्या मधल्या मैदानात मंडळ सिनेमे दाखवायचं. दोन बांबूंमध्ये पांढरं कापड ताणायचं, कल्याणहून प्रोजेक्टर आणायचा आणि आरती झाली की सुरू. ठरलेलं असे: भीतीचा एक, हसण्याचा एक. आधी भीतीचा, म्हणजे पोरं झोपायला जाताना हसत जातील. पुढच्या बाजूला जागा पुरायची नाही, म्हणून अर्धी माणसं कापडाच्या मागे बसायची. कापड पातळ असल्याने मागूनही सगळं दिसे, फक्त उलटं. मागे बसणाऱ्यांचा नायक डावखुरा असे आणि नावं वाचता येत नसत. मागे बसायचं म्हणजे उशिरा आलेल्यांनी, नाहीतर ज्यांना कुणी पुढे सरकून जागा देत नाही त्यांनी.

मामाची जागा पुढे, अगदी मधोमध. गोणपाट टाकून तो बसायचा आणि सिनेमाशी बोलायचा. हवेलीचं दार करकरत उघडायला लागलं, बायकांनी तोंडाला पदर लावला, की मामा ठणठणीत आवाजात ओरडायचा, "अरे, कुणीतरी तेल घाला रे त्या बिजागरीला!" मैदान फुटायचं. दर वर्षी दार करकरायचं, दर वर्षी मामा तेच ओरडायचा आणि लोक त्याचीच वाट बघायचे. दाराच्या आधी मैदानात जी शांतता व्हायची ती भुतासाठी नव्हती, मामासाठी होती.

घरी परतताना तो मला सिनेमा समजावून सांगायचा. "एवढी मोठी हवेली. दहा नोकर. आणि एका बिजागरीला कुणी तेल घालत नाही. म्हातारा गडी पहिल्याच रिळात सांगतो, साहेब तिकडे जाऊ नका. त्याचं ऐकतात का? नाही. मग मेले तर भुताचा काय दोष?"

माझं भयपटांबद्दलचं मत तेव्हा तयार झालं आणि अजून बदललेलं नाही. आपल्याकडच्या भयपटातलं भूत म्हणजे कोण, ते एकदा नीट बघा. हवेलीच्या मालकाने जिवंत गाडलेला माळी असतो. नासवून विहिरीत ढकललेली मोलकरीण असते. म्हणजे फिर्यादी असतो. मेल्यावरच त्याला उठता येतं, कारण जिवंतपणी त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. तो उठतो आणि सिनेमा आपल्याला त्याच्याकडे बघून किंचाळायला शिकवतो. शेवटी त्याला जाळतात, मालकाचा नातू शहरातल्या मुलीशी लग्न करतो, हवेलीला रंग देतात. भयपट कायम हवेलीच्या बाजूने असतो. हसण्याचा सिनेमाही काही निराळा नाही. त्यात कोण हसवतं? तोतरा गडी, तिरळा कारकून, जाडी मोलकरीण, बहिरा म्हातारा. मालक पडला तर धोतर झटकून उठतो. गडी पडला की मैदान हसतं. एका सिनेमात ज्याला घाबरायचं, दुसऱ्यात त्यालाच हसायचं. दोन्हीकडे माणूस तोच.

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही.

मी सातवीत होते. मामाच्या खात्यात एका पाइपाच्या जोडातून थेंब थेंब आम्ल गळत होतं. त्याने आणि दुसऱ्या एका कामगाराने ते वर सांगितलं होतं. "चालतंय ना? मग चालू दे," असं उत्तर मिळालं. एका दुपारी जोड उडाला आणि गरम आम्ल मामाच्या तोंडावर आलं. अशा वेळी अंगावर भराभर पाणी ओतायचं असतं. नळाला पाणी नव्हतं. कुणीतरी कॅन्टीनमधून पिण्याची कळशी आणली, तोवर व्हायचं ते झालं होतं.

काही महिन्यांनी तो घरी आला तेव्हा त्याचा उजवा डोळा बंद होता, कान वितळल्यासारखा डोक्याला चिकटला होता आणि वरचा ओठ नाकाकडे ओढला गेला होता. ओठ ओठाला टेकत नव्हता. त्यामुळे प, ब, म त्याच्या तोंडातून नीट निघेनात. तो मला हाक मारायचा, पाणी मागायचा, ते घरातल्यांनाच कळायचं. चेहऱ्याने तो भीतीच्या सिनेमात गेला आणि बोलण्याने हसण्याच्या. चाळीतली लहान मुलं त्याला जिन्यात बघून परत वर पळायची. जरा मोठी होती ती त्याची नक्कल करायची.

मामा तोंडाला टॉवेल गुंडाळून हिंडू लागला. आईने एकदा तो टॉवेल ओढला.

"घरात तरी काढ रे."

"ताई, तुला जेवण जायचं नाही."

"माझं मी बघीन. काढ."

त्याने काढला. आई त्याच्या समोर बसून जेवली, आणि तिने मुद्दाम दुसऱ्यांदा भात घेतला.

कारखान्याचं म्हणणं होतं की हा माणूस निष्काळजी होता. बाबांच्या संघटनेने ठरवलं की पोस्टर काढायचं आणि त्यावर मामाचा फोटो छापायचा. बाबांनी त्याला समोर बसवून विचारलं. बाबा सरळ माणूस. परवानगीशिवाय त्यांनी कुणाचं नावसुद्धा छापलं नसतं.

"छापा दाजी," मामा म्हणाला. "बघू दे लोकांना. भूत नाही, फिटर आहे म्हणावं."

तेवढीच त्याची इच्छा होती. लोकांनी त्या चेहऱ्याकडे बघावं आणि त्यांना कारखाना दिसावा. तसं झालं तर त्याला टॉवेल काढता आला असता.

फोटो कल्याणच्या एका फोटोग्राफरने काढला. चट्टे नीट उठून दिसावेत म्हणून त्याने दिवा खालून लावला. छपाईसुद्धा कल्याणलाच. तो छापखाना टॉकीजवाल्यांची भिंतीवरची पोस्टरं छापायचा. बाबांनी त्याला सांगितलं, तुझ्याकडे आहेत त्यातली सगळ्यात मोठी अक्षरं घाल, लांबून वाचता आली पाहिजेत. त्याने घातली. शाई लाल आणि काळी. मजकूर बाबांचा. 'पाहा! या चेहऱ्याला जबाबदार कोण?' खाली बारीक टाइपात कारखान्याची हकिकत, पाण्याचा नळ, गळणारा जोड, सगळं.

गठ्ठा घरी आला. बाबा आणि चार सोबती भोवती उभे राहून समाधानाने बघत होते. खालून उजळलेला चेहरा, वरून रक्तासारखी ओघळणारी लाल अक्षरं. मी म्हटलं, "बाबा, हे सिनेमाच्या पोस्टरसारखं दिसतंय."

"चांगलं आहे ना," बाबा म्हणाले. "लोक थांबतील."

त्या पाच जणांपैकी एकानेही आयुष्यात भयपट पाहिला नव्हता. तत्त्व म्हणून. आपण काय छापलं आहे हे ओळखण्याची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. मामा गॅलरीत होता. त्याने आत येऊन पोस्टर हातात घेतलं, बराच वेळ धरलं. त्याला कळलं असणार, त्याच्याइतके सिनेमे घरात कुणी बघितले नव्हते. पण त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अक्षर मोठं आलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही स्टेशनबाहेरच्या भिंतीवर पोस्टरं लावली. जिथे गर्दी थांबते तिथे लावायची, हा संघटनेचा नियम, आणि गर्दी थांबायची टॉकीजच्या पोस्टरांपुढे. बाबांनी त्यांच्या शेजारीच लावली. एका बाजूला हवेली आणि पंजा, दुसऱ्या बाजूला पावसात भिजलेली नटी, मध्ये मामा.

उजाडलं तशी माणसं खरंच थांबली. बाबा माझ्याकडे बघून हसले. चहाच्या टपरीवरची दोन-तीन पोरं ग्लास घेऊन जवळ आली.

"आयला, याचा मेकअप बघ. एकदम कडक."

"कुठल्या टॉकीजला रे? नाव काय आहे, 'जबाबदार कोण'?"

"मर्डरवाला असेल."

त्यातल्या एकाने, खळीची बादली धरून उभ्या असलेल्या आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेल्या माणसाला विचारलं, "काका, कधी लागतोय हा?"

मामा म्हणाला, "रोज. तिन्ही खेळ."

पोरांना ते नीट कळलं नाही. "काय म्हणाला?" असं एकमेकांना विचारत ती निघून गेली. बारीक टाइप कुणी वाचला नाही. बाबांचा चेहरा मी त्या सकाळी पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसासारखा पाहिला. ते पोस्टर काढायला लागले, नखांनी, पण आईने खळ घट्ट केली होती. निघेना.

"राहू द्या दाजी," मामा म्हणाला. "गाई खातील."

मोरचुदामुळे गाईंनी खाल्लं नाही. ते पोस्टर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे होतं. आजूबाजूचे सिनेमे बदलत गेले.

त्या वर्षी गणपतीत मामा कापडाच्या मागे जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी. पुढून शिट्ट्यांचा आवाज येत होता आणि आमच्याकडे नायक डाव्या हाताने मारामारी करत होता. दार करकरलं, पुढच्या बाजूला क्षणभर शांतता झाली, कुणीच काही ओरडलं नाही, आणि मग भूत आलं. त्या वर्षी लोक खरंच घाबरले.

रीळ बदलताना मैदानातला मोठा दिवा लावायचे. तेव्हा लहान मुलं लघवीला मागच्या बाजूला यायची. त्यातल्या एकीने मामाला पाहिलं आणि अशी किंचाळली की पुढची माणसं उठून उभी राहिली. मंडळाचे एक जुने कार्यकर्ते धावत आले. जवळच्या गावातले, मैदानाची जमीन एके काळी त्यांच्याच घराण्याची. मनाने वाईट नव्हते. मामाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मामा, तोंडाव टावेल घे ना जरा. पोरां घाबरतान."

टॉवेल मामाच्या मांडीवर होता. मागच्या अंधारात त्याने तो काढून ठेवला होता. मला वाटलं, घेईल. त्याने तो माझ्या हातात दिला, गोणपाट उचललं आणि दिवा चालू असतानाच कापडाला वळसा घालून पुढे गेला. त्याच्या जुन्या जागेवर, मधोमध. मी मागोमाग गेले. बसलेली माणसं सरकली. "या, या" असं एक-दोघं म्हणालेही. पण म्हणता म्हणता सरकली, आणि त्या खच्चून भरलेल्या मैदानात आम्हा दोघांभोवती ऐसपैस जागा झाली.

दिवा गेला. दुसरं रीळ सुरू झालं. नायिका कंदील घेऊन त्या खोलीकडे निघाली. मामा ताठ बसला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, ओढलेल्या ओठातून शिट्टीसारखा. दार करकरायला लागलं.

"अरे, कुणीतरी तेल घाला रे त्या बिजागरीला!"

तो तेच ओरडला. पण 'बिजागरी' त्याच्या तोंडातून 'इजागरी' अशी आली. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागून हसू आलं, आधी थोडं, मग सगळ्या मैदानातून, पूर्वीसारखंच मोठं. मामाने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याचा चांगला डोळा चमकत होता. अपघातानंतर तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या ओठाने हसणं म्हणजे काय, ते त्या रविवारच्या टोळीला मी कसं सांगू.

मग हसू जरा ओसरलं आणि मागच्या रांगेतून एक आवाज पुन्हा आला, नाकातून काढलेला, अगदी हुबेहूब. "इजागरीला! इजागरीला!" आणि मैदान दुसऱ्यांदा फुटलं.

पहिल्यांदाही ते कशाला हसले होते, ते मामाला तेव्हा कळलं. मलाही. बायकांच्या बाजूने आई उभी राहिली आणि ओरडली, "कोण आहे रे तो? पुढे ये!" कुणी पुढे आलं नाही. "बसा बसा, दिसत नाही," असं मागून कुणीतरी म्हणालं.

मामा उठला नाही. शेवटपर्यंत बसला. शेवटी गावकरी मशाली घेऊन आले, त्यांनी भुताला कोंडलं आणि जाळलं. मैदानाने शिट्ट्या वाजवल्या, टाळ्या पिटल्या. दर वर्षी पिटायचे तशाच. मामा गुडघ्यांवर हात ठेवून ती आग बघत होता.

दिवा लागला. हसण्याचा सिनेमा अजून व्हायचा होता. मामाने गोणपाट झटकलं, नीट घडी घातली आणि प्रोजेक्टरपाशी उभ्या असलेल्या त्या कार्यकर्त्यांकडे गेला. एकेक शब्द सावकाश बोलला, कळेल असा.

"पुढच्या वर्षी दोन्ही हसण्याचे आणा. भीतीचं मी बघतो."

त्यांना हसावं की नाही कळेना. त्यांनी मान हलवली.

मंडळाने शब्द पाळला, हे मान्य केलं पाहिजे. पुढच्या वर्षी दोन्ही सिनेमे हसण्याचे आणले. मामा गेला नाही. मैदानाकडची खिडकी लावून तो खोलीत बसला होता, बाबांच्या नव्या पत्रकांच्या घड्या घालत. त्या पत्रकावर फोटो नव्हता. मीही गेले नाही. आवाज बंद खिडकीतून येतच होता, फक्त शब्द कळत नव्हते. मैदान हसलं की मामा घडी घालायचा थांबायचा, कान द्यायचा.

"हा पडला कुणीतरी," तो म्हणायचा.

पुन्हा हसू यायचं, जरा वेगळं, लांबत जाणारं.

"हा तोतरा आला."

जिन्यातून वर येणाऱ्या पोरांना मी नंतर विचारलं. दोन्ही वेळा त्याचं बरोबर होतं.